कागद कोरडा राहिला पाहिजे

टेक्सासात नदीकाठी मुलांचं शिबिर काढायचं म्हणताय? उत्तम. जागा हिल कंट्रीत, म्हणजे तिथल्या डोंगराळ पट्ट्यात घ्या. ग्वाडालुपे नदी, सायप्रसची झाडं, नितळ उथळ पाणी. माहितीपत्रकावर फोटो असा येतो की पालक फी नंतर विचारतात, तारखा आधी. त्या पट्ट्याला 'फ्लॅश फ्लड अ‍ॅली', म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. खाली चुनखडीचा कातळ, वर मातीचा पापुद्रा. पाऊस मुरत नाही, थेट नदीत उतरतो. पण हा झाला भूगोल, आणि शाळा सुटल्यावर भूगोलाला कोण भीक घालतं?

इतिहासही चाळू नका. १९३२ च्या पुराने याच काठावरच्या शिबिराच्या खोल्या वाहून नेल्या होत्या. १७ जुलै १९८७ ला कम्फर्ट गावाजवळ, शिबिरातून मुलांना बाहेर काढणारी बसच पुरात सापडली आणि दहा मुलं गेली. असलं वाचलं की रात्री झोप लागत नाही, आणि शिबिरचालकाला झोप हवी.

खर्च करायचाच तर फाइलीवर करा. जुन्या नियमांत शिबिराकडे लेखी आपत्कालीन आराखडा असावा, असं होतं. तो चालणारा असावा असा हट्ट कुणी धरत नसे. निरीक्षक येतो, आराखडा आहे का विचारतो, तुम्ही फाइल दाखवता, तो चौकटीत खूण करतो, चहा-कॉफी होते. १९२६ साली सुरू झालेल्या, नावाजलेल्या 'कॅम्प मिस्टिक' या मुलींच्या शिबिराची तपासणी २ जुलै २०२५ ला झाली. एकही त्रुटी सापडली नाही. दोनच दिवसांनी, ४ जुलैच्या पहाटे, नदी आत शिरली. मुली आणि त्यांच्या ताई, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या तरुणी, मिळून सत्तावीस जणी गेल्या.

आराखड्यात काय लिहायचं? थोडक्यात लिहा. पूर आल्यास खोलीतच थांबा, खोल्या उंच आणि सुरक्षित जागी आहेत, अशा आशयाच्या सूचना मिस्टिकमध्ये होत्या, असं पुढे पालकांच्या दाव्यांतून बाहेर आलं. पाहा किती सुटसुटीत! कुठल्या टेकडीवर चढायचं, अंधारात कोण पुढे चालणार, लहानग्यांना कोण उचलणार, कसलीच भानगड नाही.

खोल्या खरोखर उंचावर नसतील तरी हरकत नाही. खोल्या उचलायला पैसे पडतात, नकाशा अर्जावर हलतो. केंद्र सरकारच्या 'फेमा' या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने पूरनकाशातून या शिबिराच्या १५ इमारती २०१३ मध्ये वगळल्या आणि २०१९-२० मध्ये आणखी १५. सिमेंटचं एक घमेलंही न ओतता तीस इमारती पुराबाहेर! आपल्याकडे निळ्या आणि लाल पूररेषा सरकवायला बिल्डरांना किती उंबरे झिजवावे लागतात, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेवाच वाटेल.

आता भोंगे. हे मात्र टाळाच. मिस्टिक ज्या केर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात आहे, तिथे २०१६ च्या सुमारास पुराच्या इशाऱ्यासाठी भोंगे बसवायची चर्चा निघाली, तेव्हा आपल्या सुंदर काउंटीत रात्रीबेरात्री भोंगे वाजणार या कल्पनेनेच काउंटीच्या मंडळाचे एक सदस्य वैतागले. बरोबर आहे, शांततेसाठीच तर माणसं डोंगरात राहायला येतात. मग सुमारे दहा लाख डॉलरच्या अनुदानासाठी अर्ज गेला, तो नामंजूर झाला, आणि प्रकरण कपाटात गेलं. २०२५ च्या वसंतात राज्याच्या विधिमंडळात इशारायंत्रणांना पैसे देणारं विधेयकही आलं होतं. खालच्या सभागृहात पास, वरच्यात गारद. शेजारच्या कम्फर्टच्या लोकांनी तेवढा भोंगा बसवून घेतला होता; त्या रात्री तो वाजला आणि त्या गावात कुणी दगावलं नाही. अशी गावं बाकीच्यांची पंचाईत करतात.

त्या रात्री १ वाजून १४ मिनिटांनी हवामान खात्याने अचानक येणाऱ्या पुराचा इशारा दिला होता. मुलींजवळ फोन नव्हते. पुढे पाऊण तासात नदी सव्वीस फूट चढल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं. जवळच्याच 'मो-रँच' या दुसऱ्या शिबिरस्थळी रात्री एकच्या सुमारास एका कर्मचाऱ्याचं नदीकडे लक्ष गेलं, त्याने वरिष्ठांना उठवलं आणि सत्तरेक मुलं-माणसं उंचावर हलवली गेली. असा माणूस चुकून नोकरीवर ठेवलात, तर तुमच्या फाइलीची किंमत शून्य होते, सांभाळा. आणि हो, मिस्टिकचे चालक स्वतः मुलींना बाहेर काढतानाच वाहून गेले. त्यामुळे सगळं एका दुष्ट माणसावर ढकलून मोकळं व्हायचीही सोय नाही.

मग कायदा आला. ५ सप्टेंबर २०२५ ला राज्यपालांची सही, अवघ्या दोन महिन्यांत. पूरक्षेत्रात मुलांच्या खोल्या असतील तर परवाना नाही. आराखडा राज्याकडे पाठवायचा, तिथे तो वाचला जाणार. कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण, इशाऱ्याची यंत्रणा, उजेड असलेल्या बाहेर पडण्याच्या वाटा, छपरावर चढायला शिड्या. शिडी! ही वस्तू टेक्सासच्या दुकानांत १९८७ मध्येही मिळत असे.

घाबरू नका, यातूनही वाट निघते. विरोध करताना 'सुरक्षेला आमचा तत्त्वतः पाठिंबा आहे' हे वाक्य आधी म्हणायचं. नंतर परवाना शुल्क कित्येक पटींनी वाढल्याचं रडगाणं. कायद्यात फायबर इंटरनेटची सक्तीही घातली गेली. खरं सांगायचं तर दुर्गम दरीतल्या छोट्या शिबिराने फायबर ओढून आणावं, हा आग्रह मलाही अजब वाटतो. वर्ष सरायच्या आत काही शिबिरं त्यावर कोर्टात गेलीदेखील. तुम्ही मात्र चतुराई करा: फायबरचं भांडण इतकं वाजवा की त्या आवाजात शिड्याही विसरल्या जातील.

राहिले पालक. ह्यूस्टन-डॅलसकडची आपली मराठी मंडळीही उन्हाळ्यात मुलांना शिबिरांना पाठवतात, तेव्हा हे त्यांच्याही कामाचं. शिबिराची जागा पूरक्षेत्रात असेल तर आता तसं पालकांना लेखी कळवून त्यांची सही घ्यावी लागते. तुम्ही तो कागद अर्जाच्या गठ्ठ्यात, शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा फॉर्म आणि टी-शर्टचं माप यांच्या मध्ये घाला. जागा भराभर भरत असतात, मागे रांग असते. वाचायला थांबलेले आई-बाबा मी तरी फार पाहिलेले नाहीत.