खुलासा: ‘आयुष्यभराचं इन्व्हाइट’ अधिकृतपणे विकत मिळत नाही
कोल्हापुरात राजारामपुरीपासून विद्यापीठापर्यंत पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘खासगी टोरंट ट्रॅकरचं इन्व्हाइट, दीड हजारात, आयुष्यभराची गॅरंटी, ॲडमिनची परवानगी आहे.’

खासगी ट्रॅकर म्हणजे टोरंटनं फायली वाटून घेण्याची, फक्त सभासदांसाठीची साइट; तिथं शिरायचं निमंत्रण म्हणजे इन्व्हाइट. परवानगीची बात धादांत खोटी आहे. इन्व्हाइट विकणं बहुतेक खासगी ट्रॅकरच्या नियमांत खातं बंद होण्याचं कारण आहे. कुणी कुणाला आत आणलं याची साखळी तिथं नोंदलेली असते. विकणारा सापडला की त्याच्यामागून आलेल्यांची खातीही अनेकदा जातात. कधी इन्व्हाइट म्हणून चोरलेलं खातंच गळ्यात मारतात. मूळ मालकानं पासवर्ड बदलला की खेळ खल्लास. तक्रार कुणाकडे करणार?

आणि आयुष्यभर कुणाचं? संगीताचे नावाजलेले खासगी ट्रॅकरही बंद पडले: ओइंक २००७ मध्ये गेला, व्हॉट.सीडी २०१६ मध्ये. रिडॅक्टेड या अशाच ट्रॅकरवर तर मुलाखत देऊन फुकट प्रवेश मिळत आलाय. (आतल्या फायलींच्या कॉपीराइटचा प्रश्न वेगळाच, तो इन्व्हाइटनं सुटत नाही.)

विकणारा ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ म्हणाला तर तिथंच थांबा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चॅट आणि व्यवहार क्रमांक पुसू नका.