टोकियो, १९६०: बातमीदार घ्या, पण तो असा नको

१९६० साली जपानमध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध मोठं आंदोलन झालं. त्यावर कथा लिहू पाहणाऱ्यांना सध्या एक सल्ला हातोहात पुढे ढकलला जातोय: नायक वृत्तपत्राचा बातमीदार ठेवा, कारण तेव्हाची वृत्तपत्रं शेवटपर्यंत निदर्शकांच्या पाठीशी होती, रस्त्यावर फक्त डावे विद्यार्थी होते आणि अखेर करार हाणून पाडला गेला. बातमीदार जरूर घ्या. बाकीचं तेवढं तपासून घ्या.

आधी करार. तो पडलाच नाही. १९ मेच्या रात्री पंतप्रधान नोबुसुके किशींनी विरोधी खासदारांना पोलिसांकरवी उचलून सभागृहाबाहेर काढलं आणि मध्यरात्रीनंतर करार संमत करून घेतला. वरिष्ठ सभागृहानं काहीच केलं नाही तरी राज्यघटनेप्रमाणे तीस दिवसांनी मंजुरी आपोआप मिळते. तशी ती १९ जूनला मिळाली. आंदोलनानं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा जपान दौरा रद्द करवला, २३ जूनला किशींना राजीनामा जाहीर करावा लागला. हे थोडं नव्हे. पण नोव्हेंबरच्या निवडणुकीत किशींचाच पक्ष ४६७ पैकी २९६ जागा घेऊन परत आला.

फक्त विद्यार्थी? किशी म्हणाले होते, मला ‘आवाज नसलेल्यांचा आवाज’ ऐकू येतो, म्हणजे घरी गप्प बसलेले माझ्या बाजूचे. त्यावर ४ जूनला चित्रकला शिकवणाऱ्या तोमी कोबायाशी नेमकं तेच नाव फलकावर लिहून निघाल्या, सोबत जेमतेम एक-दोघं. फलकावर लिहिलं होतं, कुणीही सामील व्हा. फुटपाथवरची माणसं खरंच येत गेली. कामगार संघटनांचा संप त्याच दिवशीचा.

आता वृत्तपत्रं, कारण खरी मेख इथे आहे. मेअखेरपर्यंत ती किशींवर तुटून पडत होती, हे खरं. मग १५ जूनच्या रात्री विद्यार्थी संसदेच्या दक्षिण दरवाजातून आत घुसले, आणि त्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची बावीस वर्षांची मिचिको कानबा मेली. रेडिओ कांतोचा निवेदक थेट प्रक्षेपणात सांगत होता, की पोलीस आपल्याच डोक्यात मारताहेत, मानगूट धरताहेत. १७ जूनला असाही, माइनिची, योमिउरी यांच्यासह टोकियोच्या सात दैनिकांनी पहिल्या पानावर एकच निवेदन छापलं: हिंसा सोडा, संसदीय लोकशाही वाचवा. त्यात त्या रात्रीबद्दल एक वाक्प्रयोग आहे, ‘त्याची कारणं बाजूला ठेवून’.

म्हणजे १९ मेची रात्रच बाजूला! एरवी एकमेकांचे ग्राहक पळवणारी सात पत्रं, आणि मजकूर शब्दन् शब्द तोच.

तुमचा बातमीदार १५ तारखेला त्या दरवाजापाशी उभा करा. रात्रभर जागून, पाहिलं ते सगळं लिहून तो ऑफिसात देतो. सतराच्या सकाळी स्वतःच्याच पेपरात ते चौकटीतलं निवेदन वाचतो. कथा तिथून सुरू होते.