अडीच हजार ज्यूल

स्कूटरवरून पडलो त्याचं मला काही नाही. मृगाची पहिली सर आली की आमच्या रस्त्यावर रोज दोनचार जण पडतातच, त्यात मंगळवारी माझा नंबर लागला. राग आहे तो पुढच्या दहा मिनिटांचा.

जागा म्हणजे ते झेब्रा क्रॉसिंग. मार्चअखेर एका रात्रीत उगवलेलं. रंग इतका सढळ हाताने थापलाय की पट्ट्यांना चक्क उंची आहे. फुटपाथवरून ते निघतं आणि थेट दुभाजकाच्या कठड्यावर जाऊन आपटतं. पलीकडे जायला फटच नाही. त्यावरून रस्ता ओलांडता येत नाही, फक्त घसरता येतं. या रंगात काचेचे बारीक मणी असतात, रात्री दिव्याच्या उजेडात चमकावेत म्हणून. त्यावर गाड्यांतून ठिबकलेलं ऑइल, टायरचं झिजलेलं रबर आणि उन्हाळाभराची धूळ. चांगला धो धो पाऊस हे सगळं धुऊन नेतो. पहिली सर नुसतीच कालवून ठेवते.

त्या कालवणावर कुत्रं आडवं आलं आणि मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. चाक फिरत असतं तोवर टायरचा टेकलेला भाग रस्ता धरून असतो. चाक अडकलं की तो नुसता घासत सुटतो आणि पकड जाते. हे मला माहीत आहे. टायर पार गोटा झालाय हेही माहीत होतं. असो.

डाव्या पायावर स्कूटर, पाठीखाली पट्टा क्रमांक चार, अशा अवस्थेत डोळे उघडले तर समोर दप्तर अडकवलेला एक मुलगा. नववीतला असावा. माझ्यावर वाकून म्हणाला, "काका, मास किती?"

मला वाटलं, किती खरचटलं ते विचारतोय. गहिवरून कोपर दाखवलं. "थोडं निघालंय रे बाळा इथलं."

"मांस नाही हो, मास! एम. किलोग्रॅममध्ये. संध्याकाळी क्लासमध्ये वर्क अँड एनर्जीची टेस्ट आहे."

आमच्या वेळी धावत्या वस्तूच्या एनर्जीला गतिज ऊर्जा म्हणायचे आणि ती पुस्तकातल्या आगगाडीला असायची. आगगाडीला कोणी वजन विचारत नसे.

तोवर वीसेक माणसं जमली होती. सगळ्यांचं लक्ष माझ्या उत्तराकडे. मी म्हटलं, "78."

कोपऱ्यावरचा रद्दीवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. "काहीतरीच काय साहेब. 92. एक किलो इकडे नाही, तिकडे नाही."

खरं सांगायचं तर, 92च आहे.

मुलाने मोबाइलवर स्कूटरचं वजन शोधलं आणि ओरडला, "108!"

"हो हो, लावा 108, लवकर लावा!" छत्रीवाल्या एक ताई कळवळून म्हणाल्या. गर्दीतल्या तिघांनी ॲम्ब्युलन्ससाठी फोन बाहेर काढले. ते थांबवण्यात माझी उरलीसुरली ताकद गेली.

"92 अधिक 108, बरोब्बर 200!" मुलाला आनंद मावेना. "आता स्पीड सांगा."

"असेल वीसेक."

"20 नको काका, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला 5/18ने गुणलं की अपूर्णांक येतो. 18 धरू. म्हणजे सेकंदाला 5 मीटर. अर्धा गुणिले मास गुणिले वेगाचा वर्ग, अर्धा गुणिले 200 गुणिले 25... अडीच हजार ज्यूल एनर्जी!" मग जरा खट्टू होऊन म्हणाला, "36ने असता ना, तर चौपट आली असती. दहा हजार."

हे मात्र खरं आहे. 1722च्या सुमाराला हॉलंडमधल्या ग्राव्हेसांडे नावाच्या प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून बघितले होते. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल. बिचाऱ्याला खड्डे मुद्दाम पाडावे लागले. आमच्या वॉर्डात राहता तर गोळ्यांचा खर्च वाचला असता.

मुलाने मग घसरल्याची खूण पावलांनी मोजली. अडीच मीटर. अडीच हजार भागिले अडीच. "एनर्जी भागिले अंतर म्हणजे बल. घर्षणाने तुम्हाला 1000 न्यूटन बलाने मागे ओढलं, काका!" गर्दीतून कौतुकाचा आवाज आला. रस्त्याने हजार न्यूटन खर्च केले, पण त्या वीस जणांत माझ्या पायावरची स्कूटर उचलायला कोणाकडे एक न्यूटन नव्हता. शेवटी ताईंनी छत्री मिटून हँडलला हात घातला, तेव्हा कुठे पुरुष मंडळी पुढे सरसावली.

"आणि एनर्जी नष्ट होत नाही हं," जाताजाता मुलाने दिलासा दिला, "नुसतं रूपांतर होतं." झालंच होतं. नव्या पँटचं.

रात्री कोपर ठणकत होतं, झोप नव्हती, म्हणून कागद घेऊन बसलो. चमचाभर साखरेत, 4 ग्रॅम धरली तर, सुमारे 67 हजार ज्यूल असतात. तेवढ्यात मी 26 वेळा पडून वर थोडं शिल्लक राहतं. चारचौघांत एवढा तमाशा, आणि त्याची किंमत चहाला लागलेल्या चमच्याइतकीही नाही!

मग घसरण्याचं अंतर मांडलं आणि हात थांबला. एका बाजूला गतिज ऊर्जा, म्हणजे अर्धा एम व्ही वर्ग (व्ही म्हणजे वेग), दुसऱ्या बाजूला घर्षणाचं बल गुणिले अंतर. पण घर्षणाचं बल वजनाच्या प्रमाणात, म्हणजे तिथेही एम आहेच. दोन्हीकडचा एम कटतो! मी 92चा असो की 50चा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने तेवढाच अडीच मीटर घसरणार. वीस माणसांसमोर काढून घेतलेलं माझं वजन उत्तरात कुठेच नव्हतं. एक वाजता बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "तरी कमी करायला हवंच," आणि कूस बदलली.

रविवारी दोन महिन्यांची रद्दी घेऊन त्याच दुकानात गेलो. "या 92!" असं स्वागत झालं. मी दुर्लक्ष केलं. बॅगा तोलायच्या काट्यावर गठ्ठा घरीच मोजून आणला होता, 11 किलो. त्याच्या काट्यावर तो 9 भरला. जिवंत माणूस पायरीवरून किलोच्या आत तोलणाऱ्या त्या गृहस्थाला मी विचारलं, उरलेले दोन किलो गेले कुठे?

गठ्ठ्याला सुतळी बांधत, वर न बघता तो म्हणाला, "घर्षण, साहेब."