लाकडाची रेषा लपवू नका

हेलन फ्रँकेन्थेलर या अमेरिकी चित्रकर्तीचे 'मादाम बटरफ्लाय' हे २००० सालचे रंगीत वुडकट, म्हणजे लाकडी ठशांनी कागदावर छापलेले चित्र, मी ज्यांना ज्यांना दाखवतो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात नेमके काय काढले आहे? नाव एका ऑपेराचे आहे, पण चित्रात ना बाई दिसते ना फुलपाखरू. तीन कागद शेजारी शेजारी जोडून साधारण साडेसहा फूट रुंदीचे केलेले हे चित्र म्हणजे फिकट, ओलसर भासणारे रंगांचे पट्टे आहेत आणि त्या रंगांतून लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसत राहतात. माझ्या मते या चित्राचा विषय त्या रेषाच आहेत, आणि ते ओळखायला कलादालनाच्या शहरात राहावे लागत नाही.

हे मी ठामपणे म्हणतो, कारण आमच्या गावातील एका सुताराने मोबाइलच्या पडद्यावर चित्र मोठे करून एका रेषेवरून बोट फिरवले आणि म्हटले, "हे तं फळीच हाय ना गुरुजी, रंग फक्त वरून देल्ला." रेषा जिथे वळून दाटल्या होत्या, तिथे गाठ असणार हेही त्याने सांगितले. चित्र कशाचे आहे, हे मात्र त्याने विचारले नाही.

रंगाने पृष्ठभाग झाकायचा नाही, हे फ्रँकेन्थेलर यांचे धोरण जुनेच होते. १९५२ मध्ये त्यांनी पातळ केलेला रंग कोऱ्या कॅनव्हासवर ओतून तो कापडात मुरू दिला होता. लाकडाकडे त्या १९७३ मध्ये वळल्या. 'ईस्ट अँड बियाँड' या चित्रासाठी त्यांनी पातळ करवतीने फळीचे आकार कापून घेतले आणि आठ ठशांतून ते छापले. 'मादाम बटरफ्लाय'पर्यंत हे काम फार पुढे गेले होते : ४६ ठसे, १०२ रंग. मुद्रक केनेथ टायलर यांच्या छपाई-कार्यशाळेत फ्रँकेन्थेलर यांनी आधी लाकडावर रंगवले आणि त्यावरून यासुयुकी शिबाता यांनी ठसे कोरले. प्रत्येक ठसा आधीच्या छापाशी तंतोतंत जुळला पाहिजे, कारण कागद किंचित सरकला तरी तोवरची सारी मेहनत वाया जाते. एवढी शिस्त पाळूनही चित्र मात्र एका दमात रंगवल्यासारखे मोकळे दिसते. मला सर्वांत थोर वाटते ते हेच, आणि "असे तर कुणीही काढेल" असे म्हणणाऱ्याने या जुळणीचा विचार जरूर करावा.

आता आपल्याकडचे बोलतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान गेले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण लाकडाच्या या मुलखात चित्रकलेच्या तासाला लाकडाला जागा नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सारे आहे. ठसा करून छापण्याचा वेगळा पेपर नाही. प्राथमिक वर्गात भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे उमटवणारी मुले पुढे मोठी होतात आणि छापणे तिथेच थांबते. शाळेने ते थांबू देऊ नये, असे माझे कळकळीचे म्हणणे आहे. परीक्षेत गुण नाहीत, हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

यासाठी खर्चही फार नाही. आरा मशीनवर फळ्यांचे तुकडे पडलेले असतातच. सागवानाचा हट्ट नको. पेट्यांचे हलके लाकूड अधिक बरे, कारण त्यावर तारेचा ब्रश रेषेच्या दिशेने घासला की मऊ भाग निघून जातो आणि कठीण रेषा उठून येतात. त्यावर रोलरने छपाईची शाई पातळ लावावी, वर पातळ कागद ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने तो सगळीकडे सारखा दाबत न्यावा. दुसरा रंग द्यायचा असेल तर दुसरी फळी घ्यावी आणि कागदाचे दोन कोपरे कुठे टेकवायचे, त्याच्या खुणा आधीच करून ठेवाव्यात. पटाशी मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये; कोरणे आठवी-नववीत शिकवता येईल, तोपर्यंत नुसती घासलेली फळी पुरते.