आमच्याच साइटवर, आमच्यापासूनच लपून

सकाळी पुण्याहून मावसबहिणीने व्हॉट्सअॅपवर दादाच्या साइटचा एक स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हापासून डोकं फिरलंय.

आमची देवगड हापूसची बाग, आणि ते आंबे विकायला दादाची साइट आहे. त्यात आंबे पिकवायच्या अढीवरचा लेख वहिनीने लिहिलाय. पेंढा किती जाड पसरायचा, आंबे कसे लावायचे, वास सुटला की काय करायचं, आणि मधे तिच्या हाताचा फोटो, बांगडीत पेंढ्याची काडी अडकलेली. त्या फोटोच्या बरोब्बर खाली ही मोठ्ठी जाहिरात, 'अस्सल देवगड हापूस, थेट बागेतून घरपोच'. कोणाची? आमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या आंबेवाल्याची! नाव लिहीत नाही, उद्या कुठल्यातरी लग्नात समोर येणारच आहे.

मी तशीच दादाकडे गेले. त्याच्या मोबाईलवर साइट उघडली, माझ्या मोबाईलवर उघडली, वहिनीच्या पण. इन्शुरन्स दिसतंय, गेम दिसतायत, आंब्याची जाहिरात काही दिसेना. दिसणारच नाही हो, कारण ती आम्हाला दिसू नये अशीच लावलीय. साइटवर गूगल अॅडसेन्स आहे, म्हणजे जाहिराती गूगल आणून टाकतं. पण जाहिरात देणाऱ्याला साइटचं नाव घालून सांगता येतं की माझी अॅड इथेच दाखव, आणि कुठल्या भागात दाखवायची, कुठला भाग वगळायचा तेही निवडता येतं. सिंधुदुर्ग वगळला की काम झालं.

मला हे कसं माहीत, तर गेल्या सीझनला एक मार्केटिंगवाला मुलगा हीच ऑफर घेऊन आमच्याच पडवीत बसला होता. 'दादा, तुमची अॅड त्यांच्या साइटवर लावतो आणि त्यांचा एरिया वगळतो, त्यांना कळणार पण नाही.' दादाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. आता तो पुढे कुठल्या पडवीत जाऊन बसला ते मी सांगायला नको.

मला बाबांचा नांदगाव तिठ्यावरचा स्टॉल आठवला. बाजूच्या स्टॉलवाल्याने एकदा आपला बोर्ड आणून आमच्या पेट्यांच्या पुढ्यात ठोकला, बाण त्याच्या स्टॉलकडे. बाबा भर उन्हात उठून गेले आणि ओरडले, 'मेल्या, बोर्ड लाव, पण माका इचारून लाव!' तो हसत म्हणाला, 'काका, इचारलंय तर तुमी नायच म्हणतलात.' भांडण झालं, दणदणीत झालं, पण समोरासमोर झालं आणि संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पीत होते. इथे मी भांडू कोणाशी? स्क्रीनशॉटशी?

हां, नियमात बसतं, मान्य. गिऱ्हाईक सगळं मुंबई-पुण्याचं, म्हणून त्याने तेवढंच निवडलं असेल, असेलही. आणि वर त्या जाहिरातीच्या पैशातले ६८ टक्क्यांच्या आसपास आम्हालाच मिळतात, म्हणजे तो आम्हाला पैसे देतोय म्हणे! चार-दोन रुपये हातावर ठेवायचे आणि वहिनीचा लेख वाचून तयार झालेलं पेटीचं गिऱ्हाईक उचलून न्यायचं. ह्याला धंदा म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

खरं सांगू तर वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. त्याच्या बागेत पण थ्रिप्सची कीड पडते, त्याचा पण मोहोर अवकाळीने जळतो. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते त्याला पण मिळालं आणि आम्हाला पण. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकतात तेव्हा मार दोघांनाही बसतो. तिकडे लढायचं सोडून हा आमच्या खिडकीखाली दुकान लावतो, ते पण आम्ही घरात असताना आम्हाला दिसणार नाही असं. बाबांच्या बाजूच्या त्या स्टॉलवाल्याला निदान शिव्या खायची तयारी होती!

दुपारी दादाने अॅडसेन्समधे जाऊन त्या आंबेवाल्याच्या साइटचा पत्ता ब्लॉक केला, दोन मिनिटांचं काम आहे. उद्या तो दुसऱ्या पत्त्यावरून आला तर परत करू. गूगलचं २०२३ पासून अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, तिथे कोण कुठल्या जाहिराती चालवतंय ते कोणालाही बघता येतं. त्यात ती अॅड त्याच्या नावासकट सापडली, फक्त कुठल्या साइटवर लावलीय ते तिथे दाखवत नाहीत.

म्हणून मुंबई-पुणे-ठाणेवाल्यांनो, तुमच्याकडे एक काम आहे. दादाची साइट उघडाल तेव्हा आंब्याची कुठली जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट काढून मला इनबॉक्स करा. आणि 'क्लिक करून करून त्याचे पैसे संपवूया' असं कॉमेंटमधे कोणी लिहू नका, तसले क्लिक गूगल पकडतं आणि अकाउंट आमचंच बंद होईल. त्याच्याशी काय बोलायचं ते मी लग्नात बोलेन.