आजार उष्णतेचा, उपाय मात्र फॉरमॅटचा

जुना संगणक तापून आपोआप बंद पडतो, अशी तक्रार तालुक्याच्या दुकानात नेली की उत्तर ठरलेलेच असते: “व्हायरस असन, फॉरमॅट मारा लागते.” फॉरमॅट मारल्याने पंख्यातली धूळ निघते काय? मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांपुढे जातो, वेचणीनंतर घराघरांत कापूस साठवलेला असतो, त्याचे बारीक तंतू हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची (संगणकाच्या मुख्य चिपची) उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये बसून हवेची वाट अडवतात आणि त्याखालची, चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून गेलेली असते. अशा वेळी प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचल्यावर जळण्यापासून वाचण्यासाठी बंद पडणार नाही, तर काय करणार? बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमान आकड्यांत दिसते, ते कोणी उघडून का पाहत नाही? पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढायची, जुनी पेस्ट पुसून नवी लावायची, एवढेच तर काम आहे! ते सोडून लेकरांचे फोटो, पीककर्जाची कागदपत्रे, सारे पुसून टाकतात, वर पैसेही घेतात, आणि भर दुपारी यंत्र पुन्हा बंद पडले की सांगतात, “आता नवीनच घेऊन टाका.” का म्हणून घ्यायचा? आधी झाकण तरी उघडा!