प्रदर्शन उद्या सकाळी आठला

शाळेच्या कला प्रदर्शनाची सूचना पंधरा दिवस आधी येते. ती आदल्या रात्री साडेनऊला वाचावी. आधी वाचली, तर मूल स्वतःच काहीतरी करायला बसण्याचा धोका असतो.

पहिल्यांदा मुलाला झोपवा. मग स्टेशनरीवाल्याच्या अर्ध्या पडलेल्या शटरखालून वाकून आत शिरा. बोलावं लागत नाही. चेहरा बघूनच तो आइस्क्रीमच्या काड्या, चमकी, क्रेप कागद आणि फेव्हिकॉल काढतो. विषय ‘पर्यावरण वाचवा’ असेल, तर हळूच थर्माकोल मागा. २०१८च्या बंदीत गणपतीची मखरंसुद्धा अडकली, पण वसुंधरेला वाचवायचं म्हटल्यावर थोडं चालतं.

काहीच सुचत नसेल, तर वारली आहेच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, वर गोल टेकवला, की झाला माणूस. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, या भानगडीत पडू नका. जिव्या सोमा म्हशे यांचं आयुष्य त्या त्रिकोणांत गेलं, तेव्हा कुठे २०११मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्याकडे पहाटे चारपर्यंतचा वेळ आहे. काळा कार्डपेपर, पांढरा मार्कर, चला.

काम फारच सुबक झालं, तर एखादी कड मुद्दाम वाकडी कापा. परीक्षकांना कळतंच म्हणा, पण त्यांचंही कुणीतरी चौथीत असतं.

आवराआवरीत मुलानं स्वतःहून काढलेलं एखादं चित्र हाती लागेल. पाच पायांची जांभळी गाय, पाठीवर आजी. ते शाळेत नेऊ नका. चित्रकलेचे सर अशा चित्रापाशी थांबतात, आणि थांबायला त्यांना वेळ कुठला? फलक त्यांनीच लिहायचा, रांगोळी त्यांनीच काढायची, स्नेहसंमेलनाचा पडदाही त्यांनीच रंगवायचा.

पुढे मूल मोठं झालं की मात्र कलेकडे गांभीर्यानं बघा. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला अ श्रेणी आली तर दहावीला ७ गुण वाढतात, ब असेल तर ५, क असेल तर ३. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर टाका.

एक विसरू नका. सकाळी रिक्षात तालीम घ्या. कशापासून केलं? ‘टाकाऊतून टिकाऊ’. (बिल साडेसहाशेचं झालंय, ते सांगायचं नाही.) कुणी केलं? ‘मीच’. आमची नेमकी हीच तालीम राहिली. प्रमुख पाहुण्यांनी वाकून कौतुकानं विचारलं, “कसं गं केलंस एवढं सगळं?”

लेक म्हणाली, “माहीत नाही. मी झोपले होते.”